हंगामापूर्वीचे मैत्रीपूर्ण सामने किती आणि कोणाशी?

प्रश्न, मालवणहून: नमस्कार. आमच्या फुटबॉल क्लबचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. पाऊस ओसरला तरी तोपर्यंत गोलपोस्टसमोर तांबड्या चिखलाचे डबके असतेच. त्याआधी किती मैत्रीपूर्ण सामने घ्यावेत आणि निकाल कितपत मनावर घ्यावा?

उत्तर, रत्नागिरीहून: ३ ते ४ पुरेत, आणि निकालाकडे खुशाल दुर्लक्ष करावे. पहिल्या सामन्यात प्रत्येकाला ४५ मिनिटेच खेळवून पुढे हळूहळू ९० पर्यंत न्यावे. खेळाच्या नियमांनुसार अशा सामन्यांत दोन्ही संघांचे कमाल संख्येवर एकमत असेल आणि पंचांना सामन्यापूर्वी कळवलेले असेल, तर नेहमीपेक्षा अधिक बदली खेळाडू उतरवता येतात. आम्ही एकदा कळवायचे विसरलो आणि मध्यांतराचा चहा वादातच निवला.

उत्तर, सावंतवाडीहून: सहमत आहे, मात्र गोवा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून पहिलीच गाठ तिथल्या तगड्या संघाशी घालू नये. आम्ही तो मोह केला, ६ गोल खाल्ले आणि पोरे आठवडाभर सरावाला फिरकली नाहीत. तसा संघ शेवटच्या सामन्याला बोलवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पहिला सामना कुडाळच्या मित्रांशीच ठरवतो. डबक्यात मात्र आजच रेती टाकून घेतो.