धारणीला असलेल्या मैत्रिणीला ग्रुप स्टडीत कसं घ्यायचं?

कर्वेनगर_सेकंड_सेम:
आम्ही चौघी खोलीवर एम-टू (दुसऱ्या सेमचं गणित) करतो. पाचवी मैत्रीण घरच्या आजारपणामुळे मेळघाटात धारणीला गेलीय, आता परीक्षेलाच येईल. व्हिडिओ कॉलवर असते, पण ट्रिपल इंटिग्रेशन (घनाकृतीवरचं इंटिग्रेशन) आलं की आम्ही वहीत शंकू काढतो, बोट ठेवून "हा भाग बघ" म्हणतो आणि तिला आमची डोकी दिसतात. हल्ली "चालू द्या तुमचं" म्हणून गप्प बसते. फार लागतं मनाला. गणितात आमच्यात तीच पक्की. लॅबमधला क्वेस्ट ३ (डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट, ज्यात थ्रीडी आकृत्या समोर दिसतात) द्यायला सर तयार आहेत. तो आम्ही ठेवू की तिला पाठवू?

भोर_ते_शिवाजीनगर:
तिलाच पाठवा. त्यातून समोरची खोली रंगीत दिसते, त्यामुळे तिला स्वतःची वहीही दिसेल. चार्जिंग मात्र जेमतेम दोन तास पुरतं.

गणित_शिकवते:
अगं, एकच हेडसेट असेल तर तो कुठेही ठेवलास तरी एकीलाच दिसणार. शिवाय अर्धा किलोचं वजन डोक्यावर घेऊन गणितं सोडवायची! त्यापेक्षा सगळ्यांनी फोनवर जिओजेब्राचं थ्रीडी ॲप घ्या, गणिताच्या आकृत्या काढायचं. गोल आणि त्याला छेदणारा शंकू तिलाच तयार करू दे आणि फाईलची लिंक पाठवू दे. त्यातलं एआर, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खोलीत आकृती ठेवून दाखवणारी सोय, सुरू केलं की ती आकृती तिच्या धारणीच्या टेबलावर उभी राहील आणि तुमच्या सतरंजीवरही. एकीचं बोट दुसरीच्या फोनवर दिसत नाही, म्हणून बिंदूंना नावं द्या, म्हणजे "इथे" ऐवजी "पी पासून क्यू पर्यंत" म्हणता येईल. तिने फोनची स्क्रीन शेअर करून शंकूच्या आत शिरून दाखवावं. थीटा, म्हणजे उभ्या z अक्षापासूनचा कोन, शून्यापासून पाय भागिले चारपर्यंतच का, ते तिथे डोळ्यांना दिसतं. नेट रडलं तर व्हिडिओ बंद करा, आवाज सोडू नका. माझं मत स्पष्ट आहे: तिला नुसतं बघायला बसवू नका, आकृती तिच्या हातात द्या.

कर्वेनगर_सेकंड_सेम:
मॅडम, काल केलं! z² = x² + y² चा शंकू तिनेच काढला आणि आमची इंटिग्रेशनची मर्यादा चुकलेली तिनेच पकडली. एकीच्या जुन्या फोनवर एआरचं बटणच येत नाही, तिचं काय?

गणित_शिकवते:
तो फोन एआरकोरला (अँड्रॉइडवर एआर चालवणारी गूगलची यंत्रणा) चालत नसणार. आकृती साध्या थ्रीडीत उघडून बोटाने फिरवायची, बिंदूंची नावं तीच राहतात. उद्या सिलिंडर घ्या, आणि तोही तिलाच काढू दे.