मदत हवी आहे: शाळेच्या पोरांना सौभद्रातली कुठली पदं झेपतील?

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं आमच्या शाळेत गॅदरिंगला संगीत नाटकाचा 30 मिनिटांचा भाग बसवायचाय, सातवी ते नववीची 12 मुलं, निम्म्यांच्या घरी कन्नड. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे म्हणून त्यांचं 1882 चं 'संगीत सौभद्र'च घ्यायचं ठरलं. 'नच सुंदरी करू कोपा' करून बघितलं, पण मोठ्या गायकांचं रेकॉर्डिंग ऐकून पोरं ताना मारायला जातात नि सूर सुटतो, त्यात नववीच्या पोरांचा आवाज फुटायलाय. पेटी-तबला आहे, कराओके नको. मुली काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गातात, मुलगे काय की कुठंच नीट बसत नाहीत. तर ताना काढूनही उभी राहतील अशी तीन-चार पदं कुठली, आणि मुलग्यांना पट्टी कुठली द्यायची?