साउंडबार का पाच पेट्या? भिंतीतनं वायर निघाली त्यावरून...

शोकेसमागं
दिवाळीआधी रंग काढायला घेतलाय. काल पेंटरनं शोकेस सरकवली आणि मागनं वायरींचा झुबका बाहेर आला. टोकांना चिकटपट्टी, तिच्यावर अण्णांच्या अक्षरात 'मा. डा.' आणि 'मा. उ.'. मागचा डावा, मागचा उजवा. २००५ ला होम थेटर घेतलं तेव्हा अण्णांनी स्वतः छिन्नी घेऊन चर मारला होता. गिलावा नुकताच झालेला, त्यामुळं आईचा आठवडाभर अबोला.

पाहुणा आला की चहाच्या आधी हेलिकॉप्टर. डेमोची डीव्हीडी होती, त्यातलं हेलिकॉप्टर डावीकडनं निघून मागनं फिरून उजवीकडं यायचं. आजी दर वेळी मान वळवून खिडकीकडं बघायची. अण्णा टीव्हीकडं बघायचेच नाहीत, आजीकडं बघायचे.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. प्लेअर भंगारात गेला, पेट्या माळ्यावर आहेत. आता ५५ इंची टीव्ही आलाय, खोली १२ बाय १४, कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर. बायको म्हणते साउंडबार, टीव्हीखाली एकच लांब पेटी. पेंटर म्हणतो, "वायर कापून पुट्टी मारू का?" त्याला उद्या सकाळी सांगायचंय. तुमच्याकडं काय झालं ते लिवा.

बावडेकर_७
साउंडबार घे. विषय संपला.

तांबडा_जास्त
आमच्या साउंडबारच्या खोक्यावर 'डॉल्बी' लिहिलेलं. आजी दारातच आडवी. "डॉल्बी घरात आणायची न्हाई, गणपतीत छाती धडधडती ती काय कमी हाय?" तिच्या हिशोबानं डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरवरची भिंत. शेवटी तिला म्हटलं आजी ही बिनआवाजाची डॉल्बी. अजून तेच म्हणते. शेजारणीला सांगते, आमच्यात बिनआवाजाची हाय.

बावडेकर_७
😂😂 बिनआवाजाची

सुनबाई_ऑन_ड्यूटी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्याकडं भांडण आवाजाचं नव्हतंच, संवादाचं होतं. सासूबाईंना मालिकेतलं बोलणं ऐकू येईना म्हणून आवाज ३० वर, मग जाहिरात लागली की कानठळ्या. रिमोटवर दिवसभर एक हात. ५.१ मध्ये (पाच पेट्या आणि दणक्याचा एक वूफर) बोलणं बहुतेक मधल्या पेटीतनं येतं. ती पेटी यांनी टीव्हीखालच्या कप्प्यात, दाराआड कोंडली होती! बाहेर काढून कानाच्या दिशेनं थोडी वर तिरकी केली, सेटिंगमधनं तिचाच आवाज ३ डेसिबल वाढवला. आता टीव्ही १८ वर. साउंडबार घेतलात तर मधला वेगळा स्पीकर आहे का बघा, नुसता दोन चॅनलचा घेऊ नका. तीन शिट्ट्या झाल्या, येते.

शोकेसमागं
आईचं पण तेच आहे हो. बोलणं ऐकू येत नाही म्हणते, आणि आम्ही तिच्या कानाला दोष देतो.

जुनाबाजार
गंमत बघा. प्रभात कंपनीनं पहिला मराठी बोलपट १९३२ ला आपल्या कोल्हापुरात काढला. आणि आपण नव्वद वर्षांनी 'काय म्हणाला रे तो?' विचारत बसलोय.

नागाळापार्क_वरचा_मजला
तेव्हा तळमजल्यावर होतो. २०१९ चा ऑगस्ट. ४३ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या पुढं गेली. टीव्ही उचलला, गाद्या उचलल्या, कागदपत्रं उचलली. वूफर कुणाच्याच ध्यानात आला नाही, सोफ्यामागं असतोय न्हवं. पाणी उतरल्यावर बघितलं तर पेटी पुरीगत फुगलेली, तोंडात गाळ. पोरगं त्यातनं चमच्यानं चिखल काढत होतं, 'वाजतोय का बघूया' म्हणून. नाही वाजला. आता भिंतीवर बार ठोकलाय आणि वूफर स्टुलावर. स्टुलावर ठेवला की दणका जरा कमी होतो म्हणतात. होऊ दे.

सुनबाई_ऑन_ड्यूटी
चमच्यानं 😢

४४४०_वाला
सगळी बारवाली पोरं दिसत्यात. आम्ही कॉलेजात ४४४० आयसीवर अॅम्प्लिफायर जोडायचो, आवाजाची पेटी मातीच्या माठात! माठ उलटा, तोंडाला स्पीकर. एकदा आईनं पाणी भरायला तोच उचलला. त्या काळात खोक्यावर '५००० वॉट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं आणि मागं फ्यूज बघितला तर १ अँपिअरचा. पीएमपीओ म्हणजे निव्वळ थाप, आकडा बघायचा तर आरएमएस बघा, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. 

मुद्द्याचं: जुन्या पेट्या टाकू नकोस. पाठीमागं ओहम (पेटीचा विजेला विरोध) लिहिलेलं असतंय. ६ किंवा ८ असेल तर नव्या रिसीव्हरला (सगळ्या पेट्या वाजवणारा अॅम्प्लिफायर) चालतील. एकाच खोक्यात सगळं यायचं त्या डब्बा-सेटमधल्या बऱ्याच पेट्या ३-४ ओहमच्या असायच्या, ३ असेल तर नवा रिसीव्हर तापून बंद पडंल. 

आणि वायर कापायच्या आधी टेस्ट कर की. पेन्सिल सेल घे, पेटी एका टोकाला, सेलची दोन टोकं दुसऱ्या बाजूच्या वायरीला नुसती टेकव. 'खट्ट' आलं की वायर जिवंत. धरून ठेवू नको, टेकव नि सोड.

शोकेसमागं
हे भारी आहे. सकाळी करतो.

आडवा_पाऊस
अॅटमॉसच्या (डोक्यावरनं पण आवाज आणणारी डॉल्बी) नादाला लागू नका, कौलारू घर असेल तर. छताकडं तोंड केलेले स्पीकर आवाज वर फेकतात, तो सपाट छतावर आपटून खाली आला पाहिजे. आमच्या गावाकडच्या घरी वर मंगलोरी कौलं, उतरती. आवाज गेला तो गेलाच. सिनेमात पाऊस, आणि वर खरोखरचा पाऊस, शेवटी खराच ऐकला.

स्लॅबखालचा_माणूस
मी वरच्या नाही, खालच्या मजल्यावरचा अनुभव सांगतो. वरच्यांनी वूफर घेतलाय. बोलणं येत नाही, गाणं येत नाही, फक्त धम्म, धम्म. बारीक आवाज भिंत अडवते, धम्म स्लॅबमधनं उतरतो. आमची ही लाटण्यानं छत ठोकते. ते वर समजतात की आम्ही ताल धरलाय. कृपा करून वूफरखाली जाड रबर तरी घाला हो, आणि कोपऱ्यात सरकवू नका, कोपऱ्यात तो दुप्पट माजतो.

पेठेतला_फॉरवर्ड
२०२२ ची फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. गल्लीतली १८ पोरं आमच्या सोप्यात, नवा बार, मागच्या दोन पेट्यांसकट. मोबाईल ॲपवर मॅच, ते अर्धा मिनिट मागं चालतंय. पेनल्टी सुरू आणि समोरच्या घरातनं (त्यांची डिश) आधीच बोंब! सगळ्या पेनल्टी आम्हाला अगोदर कळल्या. सराउंड म्हणजे काय ते तेव्हा कळलं, आवाज चारी बाजूंनी आला पण आमच्या पेटीतनं नाही. पुढच्या वेळी शाहू स्टेडियमलाच जाणार, तिथं उशीर नसतोय. 

हां, आणि 'वायरलेस' मागच्या पेट्यांना आवाजाची वायर नसते, पण विजेचा प्लग दोघींनाही लागतोच. दुकानात कोण सांगत नाही. आमच्यात एक्स्टेन्शन बोर्ड सोफ्याखालनं फिरतोय.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
पेंटर कुठला? आमच्या जिन्याला ओल आलीय. नंबर द्या की.

बावडेकर_७
मला पण

दोन_रिमोट
बार आणला, आवाज फक्त टीव्हीतनं. दोन दिवस डोकं फोडलं, माणूस बोलवला. त्यानं मागं हात घालून केबल एका भोकातनं काढून शेजारच्या भोकात घातली. ५०० रुपये. टीव्हीच्या एकाच एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलेलं असतंय, टीव्हीचा आवाज बारला तिथनंच जातो, तिथंच लावायची. वाचा, घासून लहान केलेली अक्षरं वाचा.

४४४०_वाला
५०० ला माझ्या काळात आख्खा अॅम्प्लिफायर यायचा.

दोन_रिमोट
आणि माठ फुकट?

४४४०_वाला
माठाचे आईकडनं दोन धपाटे.

शोकेसमागं
सकाळधरनं हेच करतोय. पेट्या खाली काढल्या, पुसल्या. पाठीमागं ६ ओहम आहे 🙏 पुढच्या दोन, मधली, तिन्ही बऱ्या. मा. उ. ला सेल टेकवला, खट्ट. मा. डा. गप्प. पेंटर पुट्टीचं घमेलं घेऊन उभा. म्हटलं थांब जरा. चिकटपट्टी सोलली तर खाली तांबं हिरवं पडलेलं. ब्लेडनं बोटभर तासलं, आतनं लाल निघालं. परत टेकवला. 

खट्ट.

आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "काय खटखट लावलीय सकाळच्या पारी? गिलावा नको पाडू आता!" आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

वायर ठेवतोय. रिसीव्हरचं बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सुनबाई_ऑन_ड्यूटी
मधली पेटी आईंच्या कानाकडं तिरकी करा. आणि बायकोला जेवण झाल्यावर सांगा, आधी नको.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
सगळं छान. पेंटरचा नंबर राहिला.

शोकेसमागं
मेसेजमध्ये टाकलाय. पण तो दोन दिवस यायचा नाही. मा. डा. च्या खाली बसून चहा पितोय, हेलिकॉप्टर कधी लावणार विचारतोय.