‘नमुना हाताळणी’ : जिथे आपला हातच पोहोचत नाही तिथे

अनुवादक, गिरगाव :
एका शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी मंगळावर फिरणाऱ्या यंत्र-बग्ग्यांचे (रोव्हरांचे) माहितीफलक मराठीत करताना मी ‘सॅम्पल हँडलिंग मेकॅनिझम’साठी ‘नमुना हाताळणी यंत्रणा’ असे लिहिले. तपासणाऱ्या बाईंनी ‘नमुना फारसी आहे, आणि हाताळणीत हात कोणाचा?’ असा शेरा मारून ‘प्रतिदर्श संचालन संयंत्र’ सुचवले. सातवीतल्या मुलाने यातून काय समजावे? कृपया पर्याय सुचवावा.

लालबागची सून :
आपण ‘परिस्थिती हाताळतो’, तेव्हा तिला कोणी हात लावत नाही. शिवाय या बग्ग्यांना यंत्राचा का होईना, हात असतोच. माझी तक्रार निराळी आहे. उकरणे, चाळणे, झटकणे आणि मापाने ओतणे ही चार वेगळी कामे ‘हाताळणी’त बुजून जातात. जून २००८ मध्ये फीनिक्स यानाने (ती बग्गी नव्हती, एका जागी उभे राहणारे यान होते) मंगळावरची माती, ती तापवून तपासणाऱ्या भट्टीच्या तोंडावरच्या चाळणीवर टाकली, तेव्हा तिच्या अशा गुठळ्या निघाल्या की मिलिमीटरभर भोकांतून ती खाली उतरेना, आणि कित्येक दिवस चाळणी पुन्हापुन्हा थरथरवल्यावर कुठे भट्टी भरली. मग फावडे कलते धरून माती भुरभुरवण्याची युक्ती त्यांनी अवलंबिली. पावसाळ्यात सादळलेले तिखट चाळणाऱ्या आमच्याकडच्या कोणत्याही बाईने हे पहिल्याच दिवशी सांगितले असते. ‘भुरभुरवणे’ फलकावर यायलाच हवे.

कुर्ल्याचा फिटर :
सहमत आहे. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या बग्गीच्या चाळणीची भोके १५० मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढी आहेत. त्यातून उतरलेल्या भुकटीला वैद्यांचा ‘वस्त्रगाळ’ हा शब्द चपखल बसतो. अडकलेले कण सुटावेत म्हणून ती चाळणी आपटण्याचीही सोय आहे. मात्र पृथ्वीवरच्या चाचणीत तशाच एका चाळणीचे जोड उखडू लागले, तेव्हा मंगळावर ती कमी वेळ थरथरवायची असे ठरले. यंत्र बनवणाऱ्याची खरी पंचाईत ही असते, की जोर कमी पडला तर माती चिकटते आणि जास्त झाला तर चाळणीच जाते.

निवृत्त शिक्षक, मुलुंड :
आपण सर्व जण तिला सरसकट ‘माती’ म्हणत आहात, याचे मला आश्चर्य वाटते. जिच्यात मुळे नाहीत आणि कुजलेला पालापाचोळा नाही, ती माती नव्हे. तिला ‘रेगोलिथ’, म्हणजे खडकावरचा सुट्या भुग्याचा थर, म्हणावे. हा शब्द आपल्या काळ्या ‘रेगूर’ जमिनीशीच नाते सांगतो, असे माझे जुने मत आहे.

अनुवादक, गिरगाव :
सर, ग्रीक भाषेत ‘रेगोस’ म्हणजे पांघरूण आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड; रेगूर तेलुगूकडून आला. आणि आपण मयताच्या ‘मातीला’ जातो, तिथे मुळे कोण शोधतो?

निवृत्त शिक्षक, मुलुंड :
विनोदाने शास्त्र सिद्ध होत नाही. तरीही ‘चाळणी’वरून आठवले : गिरगावातल्या चाळी आणि ही चाळणी एकाच मुळातल्या असाव्यात, कारण दोन्हींत एकसारखी भोके ओळीने मांडलेली असतात.

कुर्ल्याचा फिटर :
भोकांत जन्म काढलेल्या माणसाला हे पटेल. पण संस्कृतात ‘चालनी’ आहे आणि तिच्या मुळाशी ‘चल्’, म्हणजे हलणे आहे. जी हलत नाही ती चाळणी नव्हे, हे फीनिक्सने पुरते दाखवून दिले.

अनुवादक, गिरगाव :
फलक सोमवारी छापखान्यात जायचे आहेत. ‘हाताळणी’ ठेवू की काढू?

लालबागची सून :
ते ठरवालच. त्याआधी एक सांगा : आमच्या सासरी धान्याची ती ‘चाळण’ आणि पिठाची ती ‘चाळणी’ असा भेद काटेकोर पाळतात. मग क्युरिऑसिटीची कोणती म्हणायची?

निवृत्त शिक्षक, मुलुंड :
असा भेद कोणत्याही शिष्ट मराठीत नाही.

लालबागची सून :
मग आमच्या सासूबाईंशी आपणच बोलावे.