प्रसिद्धीवरच्या पिक्चरमध्ये पब्लिक कुठं असते?

तर्री_जास्त: काल 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (2018), तो नाटकातल्या स्टारवरचा पिक्चर, परत पाह्यला अन् डोकं सटकलं. सुबोध भावे भारीच आहे, त्याच्यावर वाद नाही. पण हे पिक्चर सगळे एकाच साच्यातले काहून असतात राजेहो? गडी वर चढला, डोक्यात हवा गेली, बाटली आली, खाली आला, आपण हळहळलो अन् घरी जाऊन झोपलो. ज्यायनं शिट्ट्या मारमारून त्याला डोक्यावर घेतलं ते पब्लिक मात्र अंधारात बसून आहे, त्याला ना चेहरा ना नाव. माझं त सरळ म्हणणं आहे, हे पिक्चर प्रसिद्धीवर टीका-बिका काही करत नाही, तिची जाहिरातच करतात. दारू सोडली त बाकी सगळं हवंहवंसंच वाटते पाहून.

धंतोलीकर: एका सिनेमावरून सगळ्यांना झोडपू नका हो. 'भूमिका' (1977) पाहिलाय का? जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगलांनी केलेला. स्मिता पाटील त्यात स्टार आहे, घर तिच्या पैशावर चालतं, आणि नवरा (अमोल पालेकर) तिच्याच जिवावर बसून वर संशयही घेतो. पुढे ती अमरीश पुरीच्या वाड्यात राहायला जाते, तिथे मान आहे, नोकरचाकर आहेत, फक्त उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. हे बघून कुणाला हवंहवंसं वाटेल? पब्लिकचा नंबर नंतर लागतो, तिला आधी घरचेच खातात.

बर्डीचा_बबन: अन् 'गुड्डी' (1971) विसरले का भाऊ? त्यात त फॅनच मेन आहे. शाळेतली पोरगी धर्मेंद्रसाठी वेडी, मग तिला स्टुडिओत नेऊन दाखवतात की मार खाणारा डुप्लिकेट वेगळाच असते. अन् असरानी हिरो व्हायला घरून पळाला तो एक्स्ट्राच्या गर्दीत उभा! तो सीन पाहून मले अजून कसंतरी होते.

तर्री_जास्त: बबनभाऊ, गुड्डी मस्तच आहे, पण शेवटी धर्मेंद्र आणखीच मोठा होऊन निघते ना त्यातून. पाहा बाप्पा, एवढा मोठा हिरो अन् किती साधा माणूस! म्हणजे पोरीचं वेड उतरवता उतरवता पाहणाऱ्याचं चढवून दिलं.

कापूस_कोंड्याची_गोष्ट: तुम्ही सगळे हिरो-हिरोइनीतच अडकून राहिले. 'पीपली लाइव्ह' (2010) काढा. कर्जात बुडालेला शेतकरी नत्था आत्महत्या करणार म्हटल्यावर दारात चॅनलच्या गाड्या, गावात जत्रा, तो गायब होते तर रिपोर्टर त्याच्या संडासाच्या जागेवर उभा राहून रंगावरून त्याच्या मनाची अवस्था सांगते. त्या बिचाऱ्याले प्रसिद्धी पाहिजे होती का? विदर्भातल्या माणसाले हे समजावून सांगायची गरज नाही, आमच्या गावात असे कॅमेरे येऊन गेले, विधवेले परत परत दारात उभं करत होते, लाइट बरोबर येत नाही म्हणून.

तर्री_जास्त: हा पॉइंट तगडा आहे, मान्य. पण तिथंही दोष रिपोर्टरवर अन् पुढाऱ्यावर जाते, आपण थेटरात हसून मोकळे.

कापूस_कोंड्याची_गोष्ट: ते चॅनल पाहत कोण होतं मंग? पिक्चरनं बोट धरून दाखवलं तरच समजणार का तुले?

सदर_एक्स्प्रेस: एवढं कशाला, आपल्या नागपूरचा डॉली चायवाला घ्या ना. फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्स त्याच्या हातचा चहा प्यायला अन् तेव्हापासून सदरला टपरीपुढे लोक चहासाठी कमी, मोबाईल वर करून जास्त उभे. च्या थंडा होऊन जाते हातात. पिक्चर काढायचा त त्या गर्दीवर काढा.

धंतोलीकर: तो व्हिडिओ नागपूरचा नाही, हैदराबादचा आहे. आणि हा पाहुणा कोण हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यानेच नंतर सांगितलं. त्याने कष्टाने दुकान चालवलं, नाव झालं, त्याच्यावर नाक मुरडायचं काय कारण?

सदर_एक्स्प्रेस: त्याच्यावर कोण मुरडून राहिलं ताई, मी गर्दीबद्दल बोलून राहिलो. रिंकू राजगुरूचं पाहा, 'सैराट' (2016) नंतर पोरीला दहावी बाहेरून द्यावी लागली. तिच्यावर झिंगाट नाचणारे आपणच.

बर्डीचा_बबन: नाचलो बे, वरातीत नाचलो. त्यात काय गुन्हा झाला? पोरीच्या शाळेपुढं जाऊन त उभा नाही राहिलो ना.

तर्री_जास्त: तू नाही राहिला. पण जे उभे राहिले त्यातल्या एकावर तरी पिक्चर दाखव मले, मंग बोलू.