हिस्पॅनिक मते नक्की कोणाची?

प्रश्न : अमेरिकेत २०२४ साली सुमारे ३ कोटी ६० लाख हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नागरिक मतदानास पात्र होते. ही मते एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाला मिळतात, हा समज अजूनही खरा मानावा का?

प्रतिसाद १ : मानू नये. टेक्सासमधील रिओ ग्रांदे नदीकाठच्या, जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक वस्तीच्या स्टार काउंटीत (जिल्ह्यासारखा विभाग) २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते मिळाली होती. तेथेच २०२४ साली रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प जिंकले. महागाईचा चटका पक्षनिष्ठेला भारी पडला, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ : मुळात हा गठ्ठाच नव्हे. फ्लोरिडातील क्यूबन कुटुंबे क्यूबातील कास्त्रोंच्या कम्युनिस्ट राजवटीतून निघून आलेली, म्हणून बहुतांशी रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली; पोर्टो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील कॅरिबियन बेटाचे लोक मात्र जन्मतःच अमेरिकी नागरिक असूनही बेटावर राहून अध्यक्षपदासाठी मत देऊ शकत नाहीत, आणि फ्लोरिडातील ऑर्लँडोत स्थायिक झाले की देऊ शकतात.

प्रश्नकर्ता : बेटाची ही गंमत ठाऊक नव्हती. आभारी आहे.