मदत हवी आहे: झेरॉक्सच्या दुकानासाठी छोटा, स्वस्त कॉम्प्युटर आणि हलकी ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीत मारुती चौकाजवळ थोरल्या भावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तळमजल्यावर. तिथला कॉम्प्युटर बदलायचाय.

सध्याचा डबा म्हणजे तिसऱ्या जनरेशनचा आय-३, ४ जीबी रॅम, मूळची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सकाळी बटण दाबून दादा झाडलोट, उदबत्ती, गल्ल्याची पूजा उरकतो, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ यावर रीतसर बसत नाही, कारण त्याला इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. गावभरच्या लोकांचे आधार, पासबुकं, उतारे या मशीनवर उघडतात, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट नसताना ते तसंच रेटणं मला पटत नाही. दादाचं म्हणणं एकच, "चालतंय की, उगं खर्चात कशाला पाडतोस?"

छोटाच का हवा, तर पूर. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा दुकानात शिरलं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. आकडा चाळिशीकडे सरकला की आमच्याकडे सामान वर चढवायची घाई सुरू होते आणि झेरॉक्स मशीनलाच चार माणसं लागतात. कॉम्प्युटर असा हवा की वहिनीने वायरी काढाव्यात, पिशवीत टाकावा आणि एकटीने वर न्यावा. शिवाय लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर दुकान चालतं, तेव्हा जितकी कमी वीज खाईल तितकं बरं.

काम तसं साधंच आहे. ब्राउझरमध्ये सातबारा, ८अ, शिष्यवृत्ती, परीक्षांचे फॉर्म, फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत बसवणं, पीडीएफ जोडणं, मराठीत अर्ज टाइप करून प्रिंट. टॅली नाही, अंगठ्याचं मशीन नाही. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडे दिसतो. तो बदलायचा नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेत. बजेट १२ हजार, फार ताणलं तर १४.

माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. पहिली रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. बोर्ड पत्त्यांच्या कॅटएवढा, वीज नगण्य. पण बोर्डाच्या किमतीवर भाळून चालत नाही. त्याचा २७ वॉटचा अडॅप्टर, केस, पंखा, कार्ड आणि मायक्रो एचडीएमआयची वायर धरली की हिशेब वेगळाच होतो. वर मेमरी कार्डावर रोज दिवसभर धंदा चालवायचा, हे मला जरा धास्तीचं वाटतं. दुसरी, इंटेल एन१०० वाले नवे मिनी पीसी. चार कोअर, ६ वॉटचा प्रोसेसर, कामाला पुरेसे. पण यातल्या अनोळखी ब्रँडचं काही बिघडलं तर सांगलीत कुणाकडे न्यायचं? तिसरी, कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड छोटे डेस्कटॉप: डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी. मला हेच बरे वाटतात. रॅम आणि एसएसडी बाजारात मिळते, आपणच बदलू शकतो. एका दुकानदाराने आय-५ ६५००टी वाला साडेनऊ हजारांना सांगितला, "विंडोज ११ टाकूनच देतो" म्हणाला. सहाव्या जनरेशनवर ११ म्हणजे तपासणी चुकवूनच टाकणार, पुढचे मोठे अपडेट मिळतील याची हमी कोण देणार?

म्हणून लिनक्स या फुकट ओएसचा विचार चाललाय. त्यातली मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती की लुबंटू? खरी अडचण वहिनीची आहे. तिचं मराठी टायपिंग ३० आणि ४० झालंय, बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्ड मांडणीवर बसलीत. इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी शिक म्हटलं तर ती कॉम्प्युटरसकट मलाच पुरात सोडेल. लिनक्सवर रेमिंग्टन नीट चालतं का? आणि प्रिंटरचं काय?

प्रतिसाद १

प्रिंटरवरूनच निवड करा. २९०० हा कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, पोस्टस्क्रिप्टसारख्या प्रिंटरच्या सर्वसाधारण भाषा त्याला कळत नाहीत. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी. पाय हा एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालतो, तिथे तो ड्रायव्हर बसत नाही. हौशी लोकांनी लिहिलेला एक आहे, पण दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना तसले प्रयोग नकोत. पाय बाद. मिंटवर हा प्रिंटर हाताने बसवावा लागतो, एखादी संध्याकाळ जाईल.

रेमिंग्टनची काळजी नको. आयबस (लिनक्सवर भाषा टाइप करायची सोय) आणि त्याचं एम१७एन चं पॅकेज टाकलं की मराठीचे बरेच लेआउट येतात, रेमिंग्टन आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचं गमभनसुद्धा. एखाद-दुसरं जोडाक्षर वेगळ्या जागी सापडेल, तेवढं वहिनींना आधी बघू द्या. जुने अर्ज श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटात असतील तर ते लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतील. ते आधीच युनिकोडमध्ये करून घ्या.

प्रतिसाद २

घाई करू नका. मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि आहे त्याच डब्यावर लाइव्ह चालवून बघा, काही इन्स्टॉल न करता. पोर्टलं उघडतात का ते कळेल. प्रिंट मात्र वर म्हटलाय तो ड्रायव्हर हाताने बसवल्याशिवाय निघणार नाही. पेनड्राइव्हवरून जरा सावकाश चालतं, त्यावरून मत बनवू नका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबीत एक्सएफसीई चालतं, पण आजकाल रॅम ओएस नाही, क्रोमचे टॅबच खातात. ८ जीबी घ्याच. लुबंटू आणखी हलकं आहे, पण विंडोजच्या सवयीच्या माणसाला मिंट लवकर हाताळता येतं.

एक विचारतो, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं छोटं उपकरण) कुणी घेऊन येतं का? असेल तर विंडोज ठेवलेलं सोयीचं पडेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पाय बाद केला. टोकनवाले येतात, जीएसटीवाले एक-दोन, तेही मार्चमध्ये. तेवढ्यासाठी ६५००टी सोडून ८५००टी वाला शोधतो, म्हणजे विंडोज ११ रीतसर ठेवता येईल आणि शेजारी मिंट. पेनड्राइव्ह आज रात्री बनवतो, रविवारी दुकान बंद असताना वहिनीला बसवतो.

आता दोनच शंका. दोन्ही ओएस ठेवायच्या तर २५६ जीबीची एसएसडी पुरेल का? आणि रिफर्बिश्ड मशीन घेताना कंपनीचाच मूळ अडॅप्टर आहे का हे दुकानात कसं ओळखायचं? मिरज-कोल्हापूरकडे कुणी असं मशीन घेतलं असेल तर किती वॉरंटी मिळाली तेही सांगा. दुकानाचं नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवा.